उशिरा पडणारा ठोका

विनोद तोंडानं सांगतात असा लोकांचा समज आहे. असू द्या. ज्यानं सारा जन्म विनोदावर भाकरी खाल्ली त्याचं ऐका: विनोद निम्मा तोंडात असतो आणि निम्मा ढोलकीत. शेवटचा शब्द संपतो, ऐकणारा अर्धा श्वास आत घेतो आणि नेमका त्याच वेळी ढोलकीवर एक ठोका पडावा लागतो. त्या ठोक्यावर माणूस हसतो. ठोका लवकर पडला तर शब्द बुडतो, उशिरा पडला तर आलेलं हसू घशातच बसतं. एवढं सगळं त्या एका ठोक्यावर असतं, आणि कार्यक्रम संपला की लोक माझ्या गळ्यात हार घालायचे आणि ढोलकीवाल्याला विचारायचे, "पावणं, तुमी मास्तरांचं कोन?"

तो ढोलकीवाला म्हणजे दत्तू. हुपरीचा. मागल्या वर्षी गेला. या अंकासाठी माझ्याकडं 'काहीतरी गमतीचं' मागितलं आहे. गमतीचं माझ्याकडं पोत्यानं आहे, पण ते सांगायला शेजारी दत्तू लागतो. तेव्हा गमतीचं राहू द्या. ज्यांना हसायचंच आहे त्यांनी पान उलटून व्यंगचित्रं बघावीत, ती बरी असतील.

माझा कार्यक्रम म्हणजे एक पेटी, एक ढोलकी आणि एक तोंड. साठ सालानंतर कधीतरी मी तो सुरू केला आणि ऐंशी उलटून गेली तरी चालू होता. मंगलाष्टकांच्या चालीवर लग्नातल्या पंगतीची भांडणं गायची. एसटीचा कंडक्टर शास्त्रीय शिकला तर "पुढं सरका" कसं आळवील ते दाखवायचं. तांबड्या रश्श्याची आरती म्हणायची, तिला कोल्हापुरात माणसं खरोखर उभी राहायची. गणपतीतली तालमीची मंडळं, साखर कारखाने, कॉलेजांची गॅदरिंगं, बारशी, जिथं बोलावतील तिथं जायचो. एका पेढीवाल्यानं तर वडिलांच्या तेराव्याला बोलावलं होतं. "अण्णांनी सांगून ठेवलंय, गोडाचं जेवण झालं की मास्तरांना आणा." आम्ही गेलो. समोर सगळे पांढरे कपडे घालून गप्प बसलेले. मी कंडक्टर सुरू केला, दत्तूनं ठोका मारला, आणि पहिली कोण हसली तर त्या अण्णांची बायको. मग सगळ्यांनी हसून घेतलं. असं धंद्यात चालायचंच.

सगळ्यात जास्त मागणी निवृत्तीच्या समारंभांना. हेडमास्तर नाहीतर कचेरीतला मोठा कारकून रिटायर झाला की भाषणं व्हायची, शाल आणि नारळ द्यायचे, तो माणूस रडायला लागायचा, आणि मग ते रडं थांबवायला आम्ही. दत्तू पडद्याआडून बघायचा आणि मला कोपर मारून म्हणायचा, "शाल पडली, मास्तर. मानूस संपला. उद्यापास्नं ह्याला कोन चा इचारत न्हाय बगा." शाल बघितली की त्याला कसंतरीच व्हायचं. आम्हां कलावंतांना कुणी शाल देऊ केली तर तो मागं सरकायचा, मलाच पुढं ढकलायचा.

हुपरीला त्याच्या घरी चांदीचं काम. घरातच कारखाना, थोरला भाऊ आप्पा, भावजय, पोरं, सगळी दिवसभर पैंजणं घडवत बसलेली. दत्तूचे हात चांगले होते, पण चांदीवर चालणारे हात त्यानं ढोलकीवर चालवले आणि आप्पाशी भांडून कोल्हापूरला आला. लग्न केलं नाही. मंगळवार पेठेत माझ्या घराच्या मागं एक खोली घेऊन राहिला, जेवायला आमच्यात. माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा आणि तिच्या आमटीला नावं ठेवून दोनदा मागून घ्यायचा.

सत्तरच्या आसपास त्याला मोठा ताप आला. ताप उतरला पण कानात काहीतरी घोंगावत राहिलं. आधी तो "आँ?" म्हणायला लागला. मला वाटलं लाडात आलाय. मी चिडायचो, तो हसायचा. मग एकदा स्टँडवर आमची गाडी मागं येत होती, ड्रायव्हर हॉर्न दाबून बसलेला, कंडक्टर ओरडतोय, आणि दत्तू पाठ करून निवांत तंबाखू मळतोय. मी सदऱ्याला धरून ओढला म्हणून वाचला. गाडी गेल्यावर त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मी केवढ्यानं ओरडत होतो ते त्याला दिसलं आणि तो खाली बसला.

"डॉक्टरला दावलंय," तो म्हणाला. "नस वाळली म्हनतोय. न्हाय यायचं परत."

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं तर तुमी काम काडून घ्याल." माझं मनगट धरलं त्यानं. "मास्तर, तेवढं काडून घ्यू नका. हुपरीला गेलो तर मी नुस्ता बहिरा काका हुनार. कोपऱ्यात बसवतील, ताट म्होरं सरकवतील. आनि कुनाला सांगू बी नका. कळलं की मानसं गोड बोलाय लागत्यात. त्ये मला नको."

आता तुम्ही म्हणाल, बहिरा माणूस ढोलकी कसा वाजवील? मलाही तेच वाटलं होतं. पण त्यानं स्वतःच वाट काढली. तालमीला बसलो होतो, तो माझ्या उजव्या हाताला, आणि जागा कमी म्हणून त्याचा डावा गुडघा माझ्या पेटीला टेकलेला. मी सूर धरला आणि तो एकदम म्हणाला, "थांबा. परत धरा." मी परत धरला. "पेटी बोलली की गुडघ्याला कळतंय," तो म्हणाला. लहान पोराला खाऊ मिळावा तसं त्याचं तोंड झालं होतं.

तिथून आमची रीत बसली. मी बोलत असताना डाव्या हातानं भाता चालू ठेवायचा आणि उजव्या हाताच्या एका बोटाखाली खालचा सूर धरून ठेवायचा. लोकांना वाटायचं मास्तरांची ढब आहे. विनोदाचा शेवटचा शब्द संपला की मी बोट उचलायचो. सूर थांबला की दत्तूच्या गुडघ्याला कळायचं, आणि ठोका पडायचा. जिथं पाहिजे तिथं. गाण्यात तर त्याला काहीच अडचण नव्हती, पेटी सगळं गुडघ्याला सांगायची. कित्येक वर्षं आम्ही अशी काढली. घरात बायकोला आणि स्टेजवर मला, याखेरीज कुणाला पत्ता लागला नाही. ढोलकीला मात्र तो कुणाला हात लावू द्यायचा नाही आणि माझ्यापासून कुणाला त्याला लांब बसवू द्यायचा नाही. लोक म्हणायचे, दत्तोबा लई मानी.

ऐकू येईनासं झालं तसं त्याला हसू दिसायला लागलं. कुठल्या ओळीतला माणूस हसतोय, कुठला नुसते दात दाखवतोय, ते त्याला माझ्या आधी कळायचं. कळंब्याच्या जेलमध्ये आमचा कार्यक्रम होता. कैदी मांडी घालून ओळीनं बसलेले, पुढं खुर्चीवर साहेब. माझा एकही विनोद वेळेवर लागेना. ठोका पडायचा, सगळं शांत, आणि मग जरा वेळानं सगळे एकदम हसायचे. मधल्या सुट्टीत दत्तू म्हणाला, "तुमचं काय चुकलं न्हाय. कैदी आधी सायबाकडं बगत्यात. सायेब हसला की मग हसत्यात. सायबाला इनोद कळाय येळ लागतोय." पुढचा अर्धा कार्यक्रम मी साहेबाला समजेल असा हळू केला. माणसाला हसायलासुद्धा परवानगी लागते हे मी तिथं शिकलो. त्याचा अर्थ पुरता कळायला मात्र पुढं राधानगरीकडं जावं लागलं.

मग मुंबईच्या टीव्ही केंद्रावरून बोलावणं आलं. आमच्याकडं तेव्हा टीव्ही दिसतही नव्हता, पण सगळ्या पेठेत पेढे वाटून झाले. दत्तूनं नवा सदरा शिवला. तिथली माणसं सभ्य होती, चहा दिला, पाया पडली. समोर खुर्च्यांवर बोलावून आणलेले काही श्रोते होते. आम्ही बसलो, दत्तूनं गुडघा लावला, आणि आवाजाचं बघणारा गृहस्थ काचेआडून बाहेर आला. "ढोलकी तुमच्या माईकमध्ये येतेय. यांना मागं बसवावं लागेल."

मी म्हणालो, जमायचं नाही. ते म्हणाले, का? आता का म्हणून काय सांगू? दत्तूनं ओठांवरून कळायचं ते कळून घेतलं होतं आणि माझ्याकडं रोखून बघत होता. मी सांगितलं असतं तर जागेवर बसू दिलं असतं त्यांनी, खात्रीनं. पण त्यानं मान हलवली. स्वतः उठला, ढोलकी उचलली आणि मागच्या वेगळ्या चौथऱ्यावर जाऊन बसला.

दिवे लागले. मी पहिला विनोद सांगितला, बोट उचललं, आणि ठोका नाही. मी वळून मागं बघितलं, तेव्हा कुठं त्यानं माझी मान वळलेली बघून ठोका मारला. आणि श्रोते हसले. नेहमीपेक्षा दुप्पट हसले. दुसऱ्या विनोदाला तेच. मी बोट उचलतोय, काही नाही, मी घाबरून वळतोय, ठोका पडतोय, माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी. संपल्यावर निर्मातेसाहेब धावत आले. "तो उशिरा पडणारा ठोका आणि तुमचं ते वळून बघणं, काय जमवलंय हो तुम्ही! किती तालीम केली?" मी म्हणालो, "पुष्कळ."

परतीच्या गाडीत दत्तू खिडकीबाहेर बघत बसला होता. पुणं गेलं, सातारा गेला. मग माझ्याकडं वळला. "ठोकं कसं पडत हुतं?"

मी त्याच्याशी खोटं बोलत नव्हतो. "उशिरा."

"सगळं?"

"सगळं."

ज्याचा ठोका आयुष्यात जागा सोडून पडला नव्हता त्या माणसाचं तोंड तेव्हा कसं झालं ते मी लिहीत नाही. मग त्यानं विचारलं, "हसली का न्हाय?"

"लई हसली."

"मग उशिराच ठिवू," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

लोकांना वाटतं चुकायला अक्कल लागत नाही. बसून बघा चुकायला. घरी आल्यावर आम्ही गुडघा पुन्हा पेटीला लावला आणि उशीर बसवला. किती उशीर? लोकांना वाटलं पाहिजे की हा झोपला, मग वाटलं पाहिजे की हा मेला, आणि मी वळून बघितलं की मग ठोका. जरा जास्त थांबलं की विनोद शिळा, कमी थांबलं की नुसती चूक. दत्तूला आधी खरी जागा गुडघ्यानं पकडायची, मग ती सोडायची, मग दुसरी पकडायची. एका ठोक्याचे दोन झाले होते, त्यातला एक फक्त त्याला एकट्याला माहीत.

पुढं कोल्हापुरात टीव्ही दिसायला लागला, तो कार्यक्रम पुन्हा दाखवला, आणि दत्तू प्रसिद्ध झाला. मी नाही, दत्तू. एक जण तर घरी येऊन म्हणाला, "तो येडा ढोलकीवाला पायजे. तुमी आला न्हाईसा तरी चालंल." कार्यक्रमात मागून ओरडायचे, "दत्तू, उठ की, सकाळ झाली." "आरं त्याला घड्याळ घ्या." दत्तूला ऐकू जायचं नाहीच, पण त्याला तोंडं दिसायची, उघडी, हसणारी, आणि तो खूश असायचा. "हसाय आल्यात, हसूद्यात की," म्हणायचा. मला ते सोसायचं नाही. जो माणूस आमच्या धंद्यात सगळ्यात नेमका, त्याला हे येडा म्हणतात, आणि मी पुढं बसून दात काढायचे.

टीव्हीवर नंतरही चारदोनदा बोलावलं. एकदा मुलाखत होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी कॅमेऱ्याकडं तोंड करून विचारलं, "दत्तोबा, तुम्ही मुद्दाम उशीर करता की होतो?" ओठ दिसले नाहीत, त्यामुळं दत्तू हसत बसून राहिला. मी म्हणालो, "तो उत्तरसुद्धा उशिराच देतो बाई, उद्या सकाळी या." सगळे हसले. त्यानं हसू बघितलं आणि अंदाजानं ढोलकीवर ठोका मारला. तो मुलाखतीतला सगळ्यात मोठा हशा. आतल्या आत मला जे झालं ते तिथं दाखवायची सोय नव्हती.

आता राधानगरीकडचं. नाव सांगत नाही, एका गावातल्या दूध संस्थेचा वर्धापन दिन होता. भर दुपार, शाळेच्या मैदानात मांडव, एका अंगाला बाप्ये, एका अंगाला बाया. पाहुण्यांच्या स्वागताला तुतारीवाला आणलेला, त्याचं काम झाल्यावर तो स्टेजच्या मागं विडी ओढत बसला होता. चहाच्या वेळी त्याच्याजवळच्या कुणीतरी दत्तूला मागून हाका मारल्या असणार, "पावणं, चा घ्या, ओ पावणं," आणि दत्तूनं वळून बघितलं नसणार. त्यांची आपसात पैज लागली. हे मला नंतर कळलं.

कार्यक्रम रंगला होता. कंडक्टरच्या गाण्यातला शेवटचा विनोद मी सांगितला आणि बोट उचललं. दत्तू थांबला. आता तो थांबणार, मी वळणार, मग ठोका. मी वळलो, तर दत्तूच्या मागं तुतारीवाला उभा, तुतारी त्याच्या कानाशी धरलेली, आणि त्यानं गाल फुगवून ती फुंकली.

मांडवात पोरं दचकून रडायला लागली. मी बसल्या जागी उडालो. पेटी हलली तेवढी त्याच्या गुडघ्याला कळली असेल, कारण त्यानं माझ्याकडं बघून भुवई उडवली, काय झालं म्हणून. आणि मग आपला ठोका मारला. नेमक्या जागेवर. अख्खा मांडव हसून आडवा झाला. दत्तूनं समोर बघितलं. एवढं हसू त्याला कधी मिळालं नव्हतं. त्यानं ढोलकीवरचा हात कपाळाला लावून सगळ्यांना सलाम केला.

त्या तुतारीवाल्याला मी आजही शिव्या घालतो. पण खरं तर त्यानं आमचं काही नेलं नव्हतं. हसणारा मांडव हसतच होता. तेवढ्यात बायांच्या पुढच्या ओळीतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, आणि म्हातारीचा आवाज तसा मोठाच, "आगं बया. बहिरा हाय की गं त्यो."

हसू थांबलं. पुढच्या ओळीत थांबलं, मग मागच्या, मग कडेला उभ्या असलेल्यांत. त्या म्हातारीला काय शिवी घालणार? तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी कार्यक्रम थांबवला नाही. थांबवला असता तर दत्तूला कळलं असतं. मी पुढचं गाणं घेतलं. बोट उचललं, तो थांबला, मी वळलो, ठोका पडला. शांत. माणसं खाली बघत होती. बाप्ये टोप्या नीट करत होते. रश्श्याची आरती घेतली, तिला नेहमी मांडव उभा राहतो, तिथं दोघं-तिघं उभे राहिले आणि परत बसले. दत्तू एकेक ओळ डोळ्यांनी चाळत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं उशीर कमी करून बघितला, वाढवून बघितला, ठोका जोरात मारून बघितला. सगळं बरोबर होतं त्याचं, एकही चूक नव्हती. पण ते ठोके मातीत पडत होते.

शेवटी चेअरमन उठले, माईक हातात घेतला. श्रवणशक्ती नसताना या कलावंतानं केवढी साधना केली वगैरे बोलले. पाहुण्यांसाठी आणलेल्यातली एक शाल त्यांनी मागवली आणि दत्तूच्या अंगावर घातली. नारळ दिला. मला काही दिलं नाही, ते बरंच केलं. दत्तू शाल अंगावर घेऊन उभा राहिला. त्याचं तोंड राखेसारखं झालं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी मान खाली घातली.

मला वाटलं, याला कळलं. आपलं बिंग फुटलं, लोक गोड बोलायला लागले, जे नको होतं तेच झालं, म्हणून याचं तोंड असं झालं. त्याला उघड बोलून आणखी दुखवू नये म्हणून कोल्हापूर येईपर्यंत मी गाडीत एक शब्द काढला नाही. तोही बोलला नाही. स्टँडवर उतरल्यावर त्यानं ढोलकी माझ्या हातात दिली. "ही ऱ्हाऊंदे तुमच्यात. वहिनींस्नी सांगा." आणि हुपरीच्या गाडीत जाऊन बसला. शाल त्याच्या काखेत होती. मी खिडकीपाशी गेलो, काचेवर टकटक केलं. त्यानं या बाजूला बघितलं नाही. काचेवरची टकटक त्याला ऐकू येणार नव्हती, हे गाडी गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

बातमी एसटीबरोबर सगळीकडं गेली. ठरलेले कार्यक्रम होते, मी दुसरा ढोलकीवाला घेऊन गेलो. लोक विचारायचे, दत्तोबा आले नाहीत? मग स्वतःच म्हणायचे, "बरं केलंसा, आनला न्हाईसा. कळल्यापास्नं बघवत न्हाय हो." कालपर्यंत त्याला येडा म्हणणारी हीच माणसं. चांगली माणसं. आता त्यांना हसायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेवर माझ्याकडं काही विनोद नव्हता.

पंधरवडा मी वाट बघितली, मग हुपरी गाठली. आप्पाच्या घरी सोप्यात ठकठक चालू होती. आप्पा चांदी ठोकत होता, भावजय कड्या जोडत होती, आणि कोपऱ्यात दत्तू पैंजणांना घुंगरं लावत बसला होता. ती शाल घडी करून त्यानं बुडाखाली घेतली होती. मला बघून उठला नाही. मी त्याच्यासमोर बसलो, त्याला माझे ओठ दिसतील असा.

"शाल घालायची हुती तर मला आदी सांगायचं हुतं," तो म्हणाला.

"कसली शाल?"

"निरोपाची. कार्यक्रम पडला माज्यामुळं, त्ये मला दिसलं की. मी काय आंधळा न्हाय. पन चार मानसांत न्हेऊन नको हुती घालायला, मास्तर. घरात जेवताना सांगितलं असतं तरी गेलो असतो मी."

सगळ्या गाडीभर तो हे घेऊन माझ्या शेजारी बसला होता. मी त्याचा हात धरला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, सगळं सांगितलं. तुतारी कशी फुंकली ते हातांनी दाखवलं. म्हातारी काय म्हणाली ते सांगितलं. शाल माझी नव्हती, त्यांची होती, आणि ती निरोपाची नव्हती, कौतुकाची होती. भावजयीचे हात थांबले. आप्पानं हातोडी खाली ठेवली. दत्तू माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"म्हंजे पैल्यांदा हसली ती तुतारीला?"

"व्हय."

"मी सलाम केला त्यास्नी," तो म्हणाला. घुंगराची एक कडी दाबून बसवली. "आनि मग? फुडं का न्हाय हसली?"

"कळलं म्हणून. तुला ऐकू येत न्हाय ते कळलं म्हणून."

"ठोका जाग्यावर हुता का माजा?"

"हुता. एक बी सुटला न्हाय."

"तुमचा इनोद?"

"तोच. नेहमीचाच."

"मग?" त्याला खरोखरच कळत नव्हतं. आप्पाकडं बघितलं, भावजयीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "मास्तर, ऐकू मला येत न्हाय. त्यास्नी तर येतंय की."

"चल माझ्यासंगं," मी म्हणालो. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. "हसायची न्हाईत त्ये आता," तो म्हणाला. "आनि न हसनाऱ्या मानसांम्होरं मी काय करू?"

मग त्यानं हातातलं पैंजण हलवून बघितलं आणि भावजयीकडं वळला. तिनं वाजतंय म्हणून मान हलवली. त्यानं ते खाली ठेवलं आणि दुसरं घेतलं.